अंजीर ऑगस्टला येतात

"अवो, जरा हिकडं या," शालननं हाक मारली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. "शेजारचा म्हातारा खड्डा काढतोय."

रविवारची सकाळ होती. मी दाढी करत होतो. "काढू दे की. त्याचं परसू हाय."

"माणूस मावंल एवढा काढतोय."

तोंडाला साबण तसाच ठेवून मी गेलो. खड्डा खरंच मोठा होता. लांब, अरुंद, कडा सरळ छाटलेल्या. म्हातारा आत कमरेइतका उभा राहून माती वर फेकत होता.

"पाण्याचा पाइप फुटला असंल," मी म्हटलं.

"आणि म्हातारी कुठं हाय? परवापास्नं दिसली न्हाई."

"आजारी असंल."

"व्हय. आजारीच असंल." शालननं माझ्याकडं पाहिलं. "हितल्या पोलिसांचा नंबर काय वो?"

तेवढ्यात शेजारचं मागचं दार उघडलं आणि म्हातारी बाहेर आली. हातात जुन्या गोधड्यांसारखं काहीतरी होतं.

"जित्ती हाय," शालन म्हणाली. तिला बरं वाटलं, पण थोडा विरसही झाला असावा. "मग पुरत्यात कुणाला?"

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. यंदा चैत्रात शालन गेली. मुलगी फोनवर म्हणते, बाबा, बसून काहीतरी लिहा, वेळ जाईल. मला लिहिण्यातलं काही कळत नाही, लाकडातलं कळतं. कोल्हापूरला उद्यमनगरात मी पॅटर्नमेकर होतो. लोखंड ओतायच्या आधी वाळूत ठसा उठवायला लाकडाचा नमुना लागतो, तो मी बनवायचो. कॅनडात हॅमिल्टन नावाच्या गावातल्या एका फाउंड्रीला हातानं हे काम करणारी माणसं मिळेनात, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. मुलीचं लग्न त्याच वर्षी झालेलं. घर रिकामं होतं. शालन म्हणाली, चला, बघू तरी. आणि आम्ही आलो.

मी सकाळी फाउंड्रीत जायचो. तिथं आवाज, धूळ, माणसं, सगळं उद्यमनगरासारखंच. मला काही वेगळं वाटलं नाही. शालन मात्र दिवसभर घरात एकटी. कागलला तिच्या माहेरी आणि कोल्हापुरात आमच्या गल्लीत दार कधी बंद नसायचं. इथं दार उघडायला कारणच नव्हतं. कुणी विरजण मागायला येत नव्हतं, कुणी काय केलंय आज म्हणून विचारत नव्हतं. जुलैत आलो आणि सप्टेंबरात ती म्हणाली, "मी काय हितं खिडकीचा पडदा म्हणून आलीया?"

मग एक दिवस तिनं सांगून टाकलं. "दिवाळी झाली की मी जाणार. तुमचं तीन वर्षांचं कंत्राट तुम्ही पुरं करा."

मी म्हटलं, "बरं."

दुसरं काय म्हणणार? जबरदस्तीनं ठेवून घेण्यात अर्थ नव्हता. तिनं बहिणीला फोन करून सांगितलं, मुलीला सांगितलं. मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं तिकीट आणून तिच्या हातात दिलं. तिनं ते देवांच्या फोटोमागं ठेवलं. त्यानंतर त्या विषयावर आम्ही दोघंही बोललो नाही. ती तोंड उघडून नको म्हणणार नव्हती आणि मी राहा म्हणणार नव्हतो. आमच्या दोघांचा स्वभाव तसाच.

तर तो खड्डा. खड्ड्याच्या कडेला एक झाड होतं, पुरुषभर उंच, पानं गळालेलं. म्हाताऱ्यानं सगळ्या फांद्या दोरानं घट्ट आवळल्या, एका बाजूची मुळं फावड्यानं तोडली आणि झाड खड्ड्याकडं ओढायला लागला. झाड वाकेना. त्याचा पाय घसरला आणि तो मातीत बसला.

"अवो, जावा की," शालन म्हणाली. "बघत काय बसलाय?"

मी साबण पुसून गेलो. दोघांनी मिळून दोर ओढला. झाड हळूहळू आडवं झालं आणि खड्ड्यात बसलं, जसं काही त्याच्याच मापाचा खड्डा होता. वर फळ्या घालायच्या होत्या, पण त्यानं आणलेल्या फळ्या वेड्यावाकड्या होत्या. मला ते बघवेना. घरून करवत आणली, फळ्या मापात कापल्या, नीट बसवल्या. म्हातारा बघत राहिला. मग त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "विटो." बायकोकडं बोट करून म्हणाला, "असुंता." मी म्हातारा म्हणतोय खरा, पण दोघं तेव्हा साठीच्या आसपासच होते. इटलीहून आलेले. तो गवंडी होता. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, मोजक्या शब्दांचं, त्यामुळं आमचं छान जमलं.

शालनला राहवलं नाही. साडीवर माझं जाकीट आणि पायात माझे बूट घालून ती बाहेर आली. आम्ही फळ्यांवर गोधड्या पसरून माती लोटेपर्यंत बघत उभी होती. मग म्हणाली, "मेलं व्हय झाड?"

मी विटोला विचारलं. त्यानं दोन्ही हात कानाखाली धरून झोपल्याची खूण केली. अंजिराचं झाड होतं. त्याच्या गावचं. बर्फ सोसत नाही, म्हणून थंडी सुरू व्हायच्या आधी आडवं करून पुरायचं आणि ईस्टरनंतर उकरून उभं करायचं.

"ईस्टर म्हंजे कधी?"

"आपला चैत्र-वैशाख धर."

शालननं विचार केला. "आणि उठलं न्हाई तर?"

तेही मी विचारलं. विटो हसला. "माझी बायको दरवर्षी हेच विचारते."

निघताना असुंतानं शालनच्या हातात एक निळं पातेलं दिलं, झाकणाचं, गरम. घरी येऊन उघडलं तर आत घेवड्याच्या दाण्यांचं दाट कालवण आणि त्यात कणकेचे तुकडे. शालननं बोट लावून चाटलं. पुन्हा चाटलं.

"ह्या चकोल्या हैत," ती म्हणाली.

"असतील."

"असतील काय, हैतच. फक्त फोडणी द्यायची इसरली बाई." तिनं कढई चढवली, लसूण, मोहरी, लाल तिखट घालून वरनं फोडणी ओतली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. बऱ्याच दिवसांनी.

आता पातेलं परत करायचं होतं. आणि पातेलं रिकामं परत करत नाहीत. शालननं बेसनाचे लाडू वळले, पातेल्यात भरले आणि शेजारी देऊन आली. झालं, संपलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर निळं पातेलं आमच्या ओट्यावर. आत वांग्याचे काप तळून लोणच्यासारखं काहीतरी केलेलं.

"हे कसं परत आलं?"

"त्यांच्यात बी रिकामं देत न्हाईत," शालन म्हणाली. कपाळाला हात लावला, पण हसत होती. "मी पातेलं भरून दिलं. तिला वाटलं, मी आपणहून दिलं. मग तिनं भरून दिलं."

"मग आता?"

"आता काय. आता माझी पाळी."

दिवाळी आली तेव्हा पातेल्यात चकल्या मावेनात, म्हणून शालननं स्वतःचा डबाही काढला. कडीचा स्टीलचा डबा. झाकणावर मशीननं नाव कोरलेलं, 'चि. सौ. कां. शालन हिस आईकडून.' तिची आई तेव्हा हयात नव्हती. तो डबा तिनं विमानात मांडीवर ठेवून आणला होता. त्यात करंज्या भरल्या आणि दिल्या. म्हणजे आता एकाचे दोन झाले. आमच्याकडं त्यांचं पातेलं असलं की त्यांच्याकडं आमचा डबा. कधी दोन्ही आमच्याकडं. मला फाउंड्रीत लोक विचारायला लागले, तुझी पँट घट्ट का झाली?

ती दुपारी असुंताकडं जाऊन बसायला लागली. एकीला मराठी, एकीला इटालियन. दोघींना मिळून चार इंग्रजी शब्द येत असतील. मी एकदा शनिवारी डोकावलो तर दोघी समोरासमोर बसून कणीक मळत होत्या आणि एकमेकींच्या मळण्याला नावं ठेवत होत्या. कुठल्या भाषेत, ते विचारू नका.

पण तिकीट फोटोमागं होतंच. शालन ते विसरलेली नव्हती. बॅगा खाली काढल्या. मुलीसाठी स्वेटर घेतलं. जायच्या दोन दिवस आधी तिनं निळं पातेलं घासून ओट्यावर ठेवलं.

"लोकाचं भांडं घरात ठिवून मी जाणार न्हाई," ती म्हणाली. "आणि माझा डबा तिच्याकडं हाय. तो बी आणायचा."

"मग चिमूटभर साखर घाल आणि दे," मी म्हटलं. आमच्याकडं काहीच नसलं की तसं करतात. साखर घातली की भांडं रिकामं नाही आणि देणंघेणंही मिटतं.

ती माझ्याकडं बघत राहिली. "साखर घालून?"

"का? चालतं की."

"मिटवायचं असलं की साखर घालत्यात," ती म्हणाली. "म्हातारी काय म्हणंल? मला तिचं नको झालं?"

तिनं पुरण शिजवायला टाकलं. दुपारी पुरणपोळ्या पातेल्यात रचल्या, वर तूप सोडलं आणि गेली. मी सुट्टी घेतली होती. बॅगांना दोऱ्या बांधत बसलो. खूप वेळ झाला. परत आली तेव्हा हात रिकामे होते.

"डबा?"

"दिला न्हाई." ती खुर्चीवर बसली. "न्हाई म्हणती."

"न्हाई म्हणजे?"

"मला काय ठावं. तुम्हीच जाऊन विचारा."

मी गेलो. असुंता ओट्याशी उभी होती, विटो टेबलापाशी पुरणपोळी खात होता. मी म्हटलं, माझी बायको परवा जाणार, तिचा डबा हवाय, आईचा डबा आहे.

"देणार," असुंता म्हणाली. "रिकामा कसा देऊ?"

"काहीही घाला. ब्रेड घाला."

"ब्रेड?" तिनं असं पाहिलं, जसं काही मी वंगाळ बोललो. "असल्या डब्यात ब्रेड घालून देऊ? मी अंजीर घालणार."

"मग अंजीर घाला."

तिनं खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. परसात बर्फ पडलेला होता. जिथं झाड पुरलं होतं तिथं नुसता एक पांढरा उंचवटा.

"अंजीर ऑगस्टला येतात," ती म्हणाली.

मी विटोकडं पाहिलं. त्यानं खांदे उडवले. "माझ्याकडं बघू नको. मी इथं जेवायला असतो."

मी वाद घालायला गेलो, पण वाद घालणार कसा? नियम एकट्या तिचा नव्हता, आमचाही होता. रिकामं भांडं देऊ नये हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि आता ते चुकीचं आहे असं कुठल्या तोंडानं सांगू?

परत आलो. शालन खुर्चीवर तशीच बसलेली.

"ऑगस्टला देते म्हणाली."

"ऑगस्टला?"

"अंजीर घालून."

शालननं बॅगेकडं पाहिलं. मग फोटोकडं. "आईचा डबा हाय वो तो," ती म्हणाली. "तो टाकून कशी जाऊ?"

"मी पाठवून देईन नंतर."

"हरवला म्हंजे?"

ती उठली, देवांच्या फोटोमागचं तिकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"हे ऑगस्टपतूर पुढं ढकलता येतंय का बघा."

मी जेवणही न करता एजंटकडं गेलो. परत आलो तेव्हा बॅगांच्या दोऱ्या सुटलेल्या होत्या आणि स्वेटर तिनं स्वतः घातलं होतं.

मे महिन्यात आम्ही चौघांनी झाड उकरलं. फळ्या काढल्या तेव्हा फांद्या मातकट, मेल्यासारख्या दिसत होत्या. शालननं नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं होतं. "हाय, हाय," ती असुंताला म्हणाली आणि असुंतानं डोळे पुसले, दरवर्षी पुसते तसे. ऑगस्टला डबा भरून आला. तोवर शालन तिच्याकडं भाजीचे वाफे करायला जात होती, चर्चच्या हॉलमध्ये इंग्रजी शिकत होती आणि रस्त्यापलीकडच्या एका पोर्तुगीज बाईकडंही आमचं एक पातेलं गेलेलं होतं. तिकिटाचं नाव कुणी काढलं नाही. कंत्राट संपलं, मी इथंच राहिलो, आम्ही दोघंही राहिलो. पंचवीस वर्षं.

विटो गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्यानंतर झाड मीच पुरायचो, मीच काढायचो. यंदा वैशाखात काढलं तेव्हा शालन नव्हती. असुंता खुर्ची टाकून बसली होती. तिचे गुडघे गेलेत आता. साल खरवडायला कुणी नव्हतं, म्हणून मी खरवडली.

मुलगी म्हणते, आता या इकडं, एकटे काय करता तिथं? मीही तसंच ठरवत आलो होतो. घर विकायचं, जायचं. असुंताला सांगितलं होतं.

ऑगस्टात ती काठी टेकत आमच्या दारात आली. हातात डबा. शालन गेली तेव्हा तो त्यांच्याकडं होता आणि मला मागायचं सुचलं नव्हतं.

"अंजीर आहेत," ती म्हणाली. "हा आता तुझा. भरून द्यायचा नाही. तू जाणार आहेस ना."

मी तिला आत बसवलं. चहा केला. झाकणावरचं नाव झिजून गेलंय, बोटाला लागतं तेवढंच. मी म्हटलं, "त्या वर्षी तू हा डबा दिला असतास तर आम्ही इथं नसतो. तुला माहीत होतं ना, ती राहावी म्हणून तू धरून ठेवलास."

असुंता चहा पिता पिता थांबली. "मी?"

"तूच की."

"मी तर काढून टेबलावर ठेवला होता. आत बिस्किटं भरली होती. प्रवासात खायला." तिनं कप खाली ठेवला. "तुझ्या बायकोनं बिस्किटं बाहेर काढली. ताटलीत ठेवली. डबा उचलला आणि माझ्या कपाटात ठेवला, खालच्या फळीवर, मागं. दार लावलं. आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. मला म्हणाली, नो."

मी झाकणावरून बोट फिरवलं.

"मी विचारलं, का? तर तुमच्या घराकडं बोट केलं. आणि अशी." असुंतानं ओठ घट्ट मिटून, हनुवटी वर करून दाखवलं. अगदी शालन. "मला समजलं. विटोसुद्धा तुझ्यासारखाच होता. तोंडानं कधी राहा म्हणाला नसता."

"आणि मला काही सांगितलं नाही तिनं. पंचवीस वर्षं."

"माझ्याकडून वचन घेतलं होतं." असुंता हसली. तिला आता समोरचे दात नाहीत. "पण ऑगस्टचं डोकं माझं. ती म्हणाली, ख्रिसमसपर्यंत ठेव. मी म्हटलं, ख्रिसमस फार जवळ आहे."

ती गेल्यावर मी अंजीर खाल्ले. सगळे एकदम नाही. डबा घासून ओट्यावर ठेवला. दोन-तीन दिवस तो तिथंच होता. येताजाता दिसायचा. एकदा मी साखरेची बरणी खाली काढली, झाकण उघडलं, चमचा घातला. मग परत लावून वर ठेवली.

रविवारी चकोल्या करायला घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा. शालनला करताना हजार वेळा पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं. तुकडे मात्र मी एका मापाचे कापले, ते काम माझं आहे. डाळ खाली लागली. फोडणीत लसूण करपला. जे झालं ते डब्यात भरलं आणि शेजारी घेऊन गेलो.

असुंतानं ओट्याशी उभ्या उभ्या झाकण उघडलं. एक चमचा खाल्ला. डोळे मिटून चावत राहिली.

"मीठ नाही," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी घालीन."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग डबा उचलला आणि काठी सांभाळत कपाटापाशी गेली.

"डबा लगेच मिळणार नाही हां," ती म्हणाली. "यंदाचे अंजीर संपले. आता पुढच्या ऑगस्टला."

मी म्हटलं, "असू दे. मी कुठं जातोय."